तीन

रियाधहून येऊन अकरा दिवस झाले,
खानापूरच्या घाटावर पाय धुताना
टाचेच्या भेगेतनं अजून बारीक वाळू निघते.
मलप्रभा ती घेते, काही विचारत नाही.

विचारतात ती माणसं.
स्टँडवरचा बसाप्पा, चहा गाळता गाळता:
'सोनं स्वस्त हाय म्हणं तिकडं?'
भरमू सुतार: 'उंट बघितलास काय, मामा?'
बघितला. एकच.
ट्रकात बसून चालला होता,
जांबोटीच्या रस्त्यानं आपली म्हस बाजाराला जाते तसा,
मान बाहेर काढून.

वैजूनं मेट्रोत बसवलं.
गाडीला ड्रायव्हरच नाही.
मी सगळा वेळ पुढच्या काचेशी उभा,
कुणीतरी लक्ष ठेवायला नको?
बाहेर इमारती, काही काचेच्या,
काही अजून क्रेनला लटकलेल्या.
'मागच्या खेपेला इथं काहीच नव्हतं, बाबा,' वैजू म्हणाला.
काहीच नव्हतं, हे मला पटत नाही,
कुठल्याच जागेबद्दल.
आमच्या कौलांच्या कारखान्याबद्दल
तो प्लॉटवाला असंच सांगतो गिऱ्हाइकाला,
चिमणीकडं पाठ करून.

शुक्रवारी त्यानं जुन्या गावात नेलं.
राजाचं मूळ गाव, सगळं मातीचं.
भिंतींना वर त्रिकोणी झरोके, ओळीनं,
आणि खाली जमिनीत पुरलेले दिवे,
अंधार पडला की माती सोन्यासारखी दिसावी म्हणून.
कोपऱ्यावर कॉफीचं दुकान, पाटीवर दोन लिप्या.
पाटी दिसली की माझी मान आखडते.
आम्ही सीमेवरची माणसं,
कुठली ओळ वर, कुठली खाली, हे आधी बघतो,
दुकानात मिळतं काय, ते मग.

एका बोळात दोरी बांधली होती.
दोरीपलीकडं एक म्हातारा चिखल तुडवत होता.
पिवळट माती, काडाचा भुसा, पाणी बेताचं.
टाच आधी, मग चवडा, मग जरासा पीळ.
मी बावन्न वर्षं दुसरं काय केलं?
चप्पल कधी काढली, कळलं नाही.
'बाबा, आत नको, कॅमेरे आहेत!'
खरं पाय कुठं ऐकतात.

म्हाताऱ्यानं वर बघितलं,
तोंडाकडं नाही, माझ्या पायांकडं,
आणि सरकून जागा केली.
मी खाली बोट दाखवून म्हटलं, 'माती.'
त्याला कळलं नाही.
'मण्णु,' म्हटलं.
सवयच ती,
एका भाषेनं दार उघडलं नाही की दुसरी वाजवायची.
तो हसला. एक गोळा उचलून
माझ्या तळहातावर ठेवला:
'तीन.'

मला वाटलं, तीनदा तुडवायची म्हणतोय.
तुडवली. एकदा, दोनदा, तीनदा.
तो पोट धरून हसत राहिला,
मीही हसलो, कशाला ते ठाऊक नसताना.
परतीच्या गाडीत वैजू म्हणाला,
'बाबा, मातीलाच तीन म्हणतात इकडं.'

वर्गात दोन भाषा शिकणाऱ्या नातीला हे सांगितलं.
ती आता आकडे मोजते, ओंदु, एरडु,
आणि पुढं थांबून माझ्याकडं बघते.

काल कारखान्याच्या मैदानात गेलो होतो.
भट्टी पाडली. वीटबीट सगळी उचलली.
पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखलेत, चौकोनात नंबर.
जिथं माझा चिखलाचा खड्डा होता,
नेमका तिथं तीनचा आकडा.
बराच वेळ उभा राहिलो.
प्लॉटवाला आला छत्री घेऊन.
'हा एक नंबर तू बरोबर घातलायस,' मी म्हटलं.

त्याला वाटलं, म्हातारा घेतोय.
बसायला खुर्ची मागवली,
आणि दर सांगायला लागला.