रुमालाखाली

"फोन चोरीला गेलाय," म्हणाले आदगोंडा मगदूम
आणि खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला.

दुपारचे तीन. सांगलीत, मार्केट यार्डाच्या फाटकासमोर
आमचं एका खणाचं दुकान,
पंख्याची पातीसुद्धा हळदीनं माखलेली.
मी एका फोनचं पोट उघडून बसले होते,
चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू.

"हाच की तो," मी म्हटलं.
"डबडं हेच. आतला माणूस बदललाय."

रात्री चार्जिंगला लावून झोपले होते.
पहाटे बघतात तर चौकोनांचे कोपरे घासून गोल,
रंग चार धुण्यांतून काढल्यासारखे,
हिरवं बटण उजव्या कोपऱ्यातून मधे आलेलं,
आणि ते आता दाबायचं नाही म्हणे, सरकवायचं.
कुडचीच्या बहिणीचा फोन तीनदा वाजून थांबला.
तिला वाटलं, भाऊ रुसला.

मी सांगायला लागले. नवीन डिझाइन आहे, आजोबा.
जुनं दिसायला लागलं की बदलतात.

"कुणाला दिसाय लागलं?"

पुण्याला दोन दिवस ट्रेनिंग झालं होतं माझं.
'ताजेपणा' हा शब्द तिथं अकरा वेळा आला,
मेथीच्या जुडीबद्दल बोलावं तसा.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
खरं तर मलाही आवडतं. नवं रूप आलं की
दोन दिवस उगाच फोन उघडते आणि मिटते.
आणि जुन्यात चुका होत्याच की,
अक्षरं मुंगीची, 'रद्द' आणि 'पाठवा' मांडीला मांडी लावून.
दिलशादच्या वडलांचे सहा हजार
त्या दोन बटणांमधल्या फटीत पडले, ते पडलेच.

ते ऐकत नव्हते. खांद्यावरचा टॉवेल काढून
त्याखाली स्वतःचाच हात स्वतःच्या हातात धरला.
"चाळीस वर्षं हळदीचे सौदे केले. तोंडानं न्हाई.
एक बोट धरलं की शंभर. पंजा दाबला की पाचशे.
अंगठ्याच्या पेरावर नख टेकलं
की हितनं पुढं न्हाई, संपलं.
भोवती पन्नास माणसं, एकाला पत्ता लागंल तर शपथ."

"मग बंद का झालं?"

हसले. दातांच्या कडांनाही पिवळं.
"पोत्याचा मालक तिथंच हुबा असायचा.
त्याच्याच हळदीचा भाव त्याला दिसायचा न्हाई.
बंद झालं ते बरंच झालं."

टॉवेलाची घडी घातली, परत मोडली,
आणि फोनकडं हनुवटी केली.
"आता ह्याच्यावरचं कापड कुणी काढायचं?
माझ्या अंगठ्याचा सौदा कुणाकुणात ठरला?
मी हितंच हुबा हुतो की."

मी स्क्रू डबीत ठेवला.
फोन उजेडात तिरका धरला तेव्हा दिसला,
उजव्या कोपऱ्यात नखभर पिवळट डाग,
वरच्या काचेत मुरलेला.
चार वर्षं अंगठा तिथंच टेकत होता.
मी बहिणीचं नाव सुटं काढलं,
ओढत नेलं, बरोबर डागाखाली आणून सोडलं.
"दाबा."
न बघताच दाबलं त्यांनी,
नजर बाहेर, पोती उतरवणाऱ्या ट्रॉलीवर.
"रागावलास व्हय रं दादा?" कुडची म्हणाली.

काच तेवढी बदलू नको, म्हणाले.
मी बजावलं, पुढच्या महिन्यात सगळं परत हलेल.
"हलू दे. तुझं दुकान चालाय नको?"

किती झाले, हे विचारलं नाही.
टॉवेल काउंटरवर पसरला, हात आत घातला
आणि छताकडं बघत उभे राहिले.
मी हातमोजा काढला. दोन बोटं धरली. वीस.
त्यांनी त्यातलं एक हळूच मिटवलं.
मी त्यांच्या अंगठ्याच्या पेरावर नख टेकलं.

शेजारी दोन गिऱ्हाइकं रिचार्जला थांबली होती.
त्यांना काही दिसलं नाही.