अनामिक

वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, वरून तिसऱ्या फळीवर
एक पुस्तक होतं, पाठपुठ्ठा उधईनं खाल्लेला.
अमेरिकी कविता, मराठीत आणलेल्या.
शेवटची नोंद एकोणिसशे एकोणऐंशी,
नेणारा: पोस्टमन डंभारे.
परतीची तारीख नाही, तरी पुस्तक जागेवर.
गुपचूप आणून ठेवलं असेल.

चार महिने मानधन नव्हतं.
मी ते पिशवीत घातलं, वेचणीला गेले.
काट्यावर कोणी पदवी तोलत नाही,
किलोमागे बारा रुपये,
एम. ए. असो की अंगठा.

दुपारी धुऱ्यावर, हिवराच्या विरळ सावलीत डबे उघडले.
सोमली आडे, जैतूनबी, तक्षशीला भगत,
आणि झिंगूबाई टेकाम, जिची ओटी अजून सोडलेली नव्हती.
"वाच नं वं काही, लायब्ररीवाली."

मी पान एक्केचाळीस काढलं.
कापूस वेचणारी कुणी बाई म्हणत होती,
बोंडाचं टोक नखात शिरलं तर रडू नको,
मोज.
खाली लिहिलेलं: अनामिक.

"तेबी पऱ्हाटी वेचते?" सोमलीनं विचारलं.
हो. पण विकत आणलेली माणसं होती ती.
जैतूनबी डब्याच्या तळाला चिकटलेलं बेसन खरवडत थांबली.
"इन्सान?"
इन्सान.
"मग कसे घेत असतीन? तोलून, का नगावर?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.
जे ठाऊक होतं ते मी सांगितलं:
तिकडे त्यांच्यावरून लढाई पेटली, कापूस अडला,
विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या,
भाव चढला.
तक्षशीला हळूच म्हणाली,
"म्हंजे तिच्या बेडीवर घाव पडत होता
तवा इकडं कोनाची तरी माडी बांधून झाली."

मग पानं उलटत गेले.
कुणी बोटीतून आईची भाषा
उशीच्या खोळीत घालून आणलेली.
कुणी शिवणयंत्रावर वाकून रात्रीतून लिहिणारं.
आणि काही तर बोटींच्या आधीपासूनच तिथले,
नद्यांची नावं त्यांनी ठेवलेली.
झिंगूबाईनं भाकर खाली ठेवली.
"त्यायले कोनं इचारलं?"
कोणी नाही, काकू.
"मंग?"
मग नातवांनी लिहिलं.

तिकडची घटनाही 'आम्ही'नंच सुरू होते, मी म्हटलं.
तक्षशीलाला आपली तोंडपाठ, विहारात म्हणते दरवर्षी.
"त्या आम्हीत ही बाई होती?"
नव्हती.
शब्द आधी शिवून झाला, अंगाला घट्ट.
मग एकेक जण गात, भांडत, लिहीत आत शिरला,
आणि वाढत्या पोरीचं पोलकं उसवावं
तसा तो उसवावा लागला.
अजून उसवतच आहेत.

मुकादमानं हाक मारली. उठलो.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत
सचिवानं रजिस्टरात लिहिलं, उपस्थित महिला: एकवीस.
झिंगूबाई उभी राहिली.
"आमची नावं?"
काकू, रकाना एवढाच आहे.
"अनामिक नोको लिवू," ती म्हणाली,
शब्द नीट, तोडून तोडून, जसा मी वाचला होता.
सचिव माझ्याकडे पाहू लागला.
मी छताकडे.
शेवटी त्यानं रजिस्टर आडवं केलं
आणि समासात लिहीत गेला, एकवीस नावं,
झिंगूबाईच्या 'झिं'वरचा अनुस्वार विसरला
तर तो तिनं बोट ठेवून द्यायला लावला,
वाचता येत नसताना. कसा कळला, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली.
म्हणाली, ते पुस्तक दे.
काकू, वाचून कोण देईल?
"ठेवतो घरात. नातू मोठा होते आहे.
आन् ते बाई
किती दिवस कपाटात राहीन?"

डंभारेखाली मी तिचं नाव लिहिलं.
परतीचा रकाना
दोघांचाही कोरा आहे.