निशाणी एकेचाळीस

चादर नवी होती. घडीला अजून खळीचा वास.
हेबळेनं ती खुर्चीवर ठेवली,
माझ्या नाही, पक्षकाराच्या.
"दोन्ही बाजूंनी वापरता येते, वकीलसाहेब.
आपली सोलापुरी."

मग पाणी प्याला. उठता उठता एवढंच म्हणाला:
उद्या तुम्ही काहीच करायचं नाही.
खोटं बोलायचं नाही, कागद फाडायचा नाही.
पुकारा होईल तेव्हा
पार्क चौकात चहा घेत बसायचं.
वकील गैरहजर, दावा निकाली.
एका चहाचे चाळीस लाख.

एप्रिल. रात्री अकराला भिंती तापलेल्या,
पंख्याचा वारा कुणीतरी वापरून टाकल्यासारखा.
लांब अशोक चौकाकडं यंत्रमागांची खटखट.
समोर कपाटात वैजयंती मिलचं मस्टर,
टाळं लागलं त्या रात्री
वॉचमननं धोतरात गुंडाळून बाहेर काढलेलं.
दोनशे बारा माणसांची हजेरी.
उद्या त्याला नंबर पडणार होता: निशाणी एकेचाळीस.

त्यात गुंडेटी अंबादास, साचेवाला. आता नाही.
त्याची राजव्वा विड्या वळते
आणि माझी फी हप्त्यानं देते,
पन्नासच्या नोटा, विडीच्या दोऱ्यानं बांधून.
पहिली दोन वर्षं मी मोजल्या. मग सोडलं.

साडेबाराला मी चादर उलगडली.
लिहायला लाज वाटते,
पण आधी मी नक्षी पाहिली.
मग मोजायला लागलो.
अकराव्या बंडलाला विजापूर रोडला घर झालं,
तेराव्याला बायकोचे गुडघे,
चौदाव्याला राजव्वाचे हात आठवले.
पंचवीसचा कट्टा ती मोजत नाही, मुठीत धरते.
एक विडी कमी असली तर तिच्या अंगठ्याला कळतं.

घडी घातली. पहिल्यासारखी जमली नाही.
धैर्य वगैरे काही नव्हतं ते.
पहाटे कोट झटकला आणि निघालो.

कोर्टात हेबळेनं मला पाहिलं
आणि तो घाबरला नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

"नोव्हेंबर दाखवा," समोरचे वकील म्हणाले.
ऑक्टोबर. डिसेंबर.
मधे शिवणीत कागदाची एक कड,
ब्लेडनं कापलेली, सरळ.
झेरॉक्सच्या फायलीतही नेमकं तेवढंच पान नाही.

मागं वळून पाहिलं तर दिगंबर जागेवर नव्हता.
एकोणीस वर्षं माझ्या किल्ल्या सांभाळणारा माझा कारकून,
गेल्या आठवड्यात नवी मोटारसायकल घेतली म्हणून
पेढे वाटून गेला होता.
मी दोन खाल्ले.

त्याला किती दिले असतील? साठ हजार? सत्तर?
मग माझे चाळीस लाख कशाचे?
पुढची तारीख पडेपर्यंत मी उभाच होतो,
आणि उभ्या उभ्या समजलं:
पान आधीच गेलं होतं.
ते कुणाच्या नावावर टाकायचं,
त्याची ती किंमत.
घरी टेबलावर वाकडी घडी,
चौदा बंडलांवर माझी बोटं.

व्हरांड्यात राजव्वानं मस्टर हातात मागितलं.
वाचता येत नाही तिला.
कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, सावकाश.
"एक कमी हाय की ओ, साहेब."
बोलताना मस्टरकडं बघत नव्हती.

मग कनवटीचा हप्ता काढला.
मी हात पुढं केला, सवयीनं.
तिनं दोरा सोडला,
अंगठा जिभेला लावला
आणि माझ्या डोळ्यांसमोर
एकेक नोट मोजायला लागली,
मोठ्यानं, तिच्या घरच्या तेलुगूत:
ओकटि.
रेंडु.
मूडु.