संघर्ष कमी पडतो

कथा परत आली. आत निळ्या शाईत एकच ओळ:
'संघर्ष कमी पडतो. पात्राला बोलतं करा.'

मी जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं फाडतो.
दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात
संपलेल्या तिकीटबुकांच्या पाठीवर लिहितो.
माझी द्रौपदी भुवड तिथेच जन्मली,
चारशे एक्केचाळीसच्या मागे:
दिराने एका रात्रीत गडगा दोन हात आत सरकवला,
तिच्या तीन काजी पलीकडे गेल्या,
आणि सकाळी उठून ती
नेहमीसारखी पाण्याला गेली.
यात छापण्याजोगं काही नाही, हे मलाही कळतं.

मग तिला बोलतं करायला बसलो.
हातात कोयता दिला.
तिने झावळ्या तासल्या,
पात्याला खोबरेल लावून तो कुडात खोचला.
गुहागरच्या कोर्टात नेली.
तारीख पुढे गेली,
तिने पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले
आणि येताना अर्धा किलो सुकट आणली.
दिराला ताप आणला, चांगला एकशे चार.
वाटलं, आता तरी उंबऱ्यावर उभी राहून
दोन शब्द सुनावेल.
तिने पोराच्या हाती पेजेचं भांडं धाडलं,
आणि ते न घासता परत आलं
म्हणून तेवढी कुरकुरली.

माझ्या इतर कथांतली माणसं बरी.
बाबल्या खारवी तांडेलाच्या कानाखाली वाजवतो,
तानी मुंबईची रातराणी पकडते,
एकजण तर सरळ समुद्रात शिरतो
(ते लिहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही).
त्यांचं पटकन कळतं. हिचं नाही.

मार्गशीर्षात कधीतरी दिसलं मला.
पाण्याहून येताना द्रौपदी
कळशी खाली ठेवते,
गडग्याचा एक दगड उचलते,
दोन हात पलीकडे बसवते,
कळशी उचलते.
रोज एक. टोकाकडून, जिथे घाणेरीचं रान आहे.
मी लिहिलं नव्हतं ते. खरंच नव्हतं.

शिमग्याची पालखी दारात आली तेव्हा
गडगा जुन्या जागी होता.
दीर हातात नारळ घेऊन बघतच राहिला.
'सरकला काय गो गडगा?'
'दगडच ते, भावजी. बसतात आपल्या जागी.'
आणि ती पालखीपुढे
त्याच्या शेजारीच उभी राहिली.

दर मंगळवारी संध्याकाळी माझा भाऊ
तवसाळला परत जाताना माझ्या खिडकीशी येतो.
अकरा वर्षं. काय झालं होतं ते सांगण्यात अर्थ नाही,
त्यातही एक गडगा होता.
तो सुटे पैसे मोजून ठेवतो,
मी तिकीट सरकवतो.
दोघांनाही मोजता येतं, एवढाच आमचा संबंध.

काल गाडी होती त्याच्याकडे, मागे भाताचं पोतं.
सगळ्यांना विचारतो ते
मी त्याला कधी विचारलं नव्हतं.
'गाडी धरून किती?'
त्याने वर पाहिलं.
'एक,' म्हणाला. मग जरा थांबून, 'आणि पोतं.'
'पोत्याचं तिकीट नसतं.'

बोटीचा भोंगा झाला. फळी वर गेली,
पाण्यावर डिझेलचा तवंग लांबत गेला.
एवढंच लिहिलं आहे,
पाचशे बाराच्या मागे.
पाठवायचं नाही म्हणतो.