करंगळी

दुपारी वाचनालयात माणसं पेंगतात, पंखे जागे असतात.
फोर्टातल्या या खोलीत माझं काम एवढंच,
कसर लागलेल्या पुस्तकांची यादी करणं.
वाचणं नव्हे.
तरी वाचते.

युरोपातली जुनी नाटकं, चारशे वर्षांमागची.
त्यांतल्या माणसांच्या अंगात चार द्रव खेळायचे.
रक्त वाढलं की गडी हसरा, उधळ्या, परक्याच्या बायकोच्या प्रेमात.
कफ वाढला की घराला आग लागली तरी आधी जेवण उरकणारा.
पिवळं पित्त खवळलं की तलवार आधी, कारण मागून.
इथवर सगळे ओळखीचे.
आमच्या फणसवाडीत असले पुष्कळ होते,
आणि त्यांच्यासाठी बाबांच्या दुकानात बरण्या होत्या:
कामदुधा, सितोपलादि, सुंठ.

चौथं काळं पित्त.
ते म्हणे पाणथरीत साठतं.
ज्याला होतं तो हनुवटी तळहातावर टेकून बसतो
आणि त्याच्यामागे शनी असतो.
तिकडेही शनीच!

वहीत मराठीत लिहून पाहिलं.
उदासी. खिन्नता. विषाद.
तिन्ही खोडले.

वैद्य मुकुंद परचुरे तीन बोटांनी नाडी बघत.
तर्जनीखाली वात, मधल्याखाली पित्त, अनामिकेखाली कफ.
करंगळी तेवढी हवेत, जराशी वाकडी,
कपाची कड टाळल्यासारखी.
लहानपणी विचारलं होतं, ही काय ऐकते?
म्हणाले, ती रिकामी गं. तिला काम नाही.

दादा पोहायला गेला आणि चौपाटीवरून फक्त कपडे आले,
त्यानंतर सहा वर्षं
बाबांनी दुकान वेळेवर उघडलं.
बरण्या पुसल्या. सुटे पैसे मोजून दिले.
ताप नाही, खोकला नाही, भूक रोजची.
एकदा मीच त्यांचं मनगट धरलं, त्यांच्यासारखं, तीन बोटांनी.
काय सांगते नाडी?
सगळं ठीक आहे, बाबा.
त्यांनी मान हलवली,
वैद्यानं वैद्याचं ऐकून घ्यावं तशी.

पाच वाजत आले. यादीत नोंद केली:
कसर पाठीला. बांधणी सुटलेली. मजकूर शाबूत.
मग डाव्या मनगटावर
उजवी करंगळी टेकवून पाहिली.
घोसाळकर दाराशी किल्ल्या वाजवत उभा.
बाई, दिवे घालवू?
थांब म्हटलं. थांब जरा.