विशी

फ्लेक्सच्या दुकानात रद्द झालेले बॅनर उरायचे.
आम्ही ते उलटे अंथरायचो.
खाली कुठल्यातरी भाऊंचे जोडलेले हात, वाढदिवसाच्या शुभेच्छा,
वर पांढऱ्या बाजूला मार्करनं आखलेले चौकोन
आणि चौकोनांत आमचं राज्य.

तीन मोहिमा चालवल्या मी परभणीत,
नानलपेठेतल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून.
पहिली चार रविवारांत संपली,
सगळे ड्रॅगनला सरळ जाऊन भिडले.
नियम मलाही नीट येत नव्हते.
दुसरी भांडणात गेली. वैजनाथचा चोर
सुषेणच्या साधूची थैली मारायचा,
आणि सुषेण खरोखरच बोलेना त्याच्याशी,
उरूस येऊन गेला तरी.

तिसरी मात्र अडीच वर्षं.
वालूरची बारव बघून आलो होतो,
गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या.
तिला मी सात मजले खाली नेलं,
दर मजल्याला पाणी आणखी काळं.
पाचव्यावर एक आंधळा जकातदार,
वाट सोडायला एक आठवण मागायचा.
कौसरनं आईचा आवाज देऊन टाकला
आणि पुढचे आठ महिने
न विसरता विसरलेली खेळली.

फाशाला आम्ही विशी म्हणायचो.
वीस बाजू, हिरवा,
कुरिअरनं आला तेव्हाच एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
टाकायच्या आधी कौसर मुठीत फुंकायची:
‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’
लाईट गेली की मोबाईलच्या उजेडात
आकडा वाचायचा मान माझा.
एकदा खोटा वाचला.
दोन होता. एकोणीस म्हणालो.
त्या दिवशी भरतीच्या यादीत सुषेणचं नाव नव्हतं.
साधू तरी वाचावा.

सातव्या मजल्यावर दार होतं.
दारापाशी पोचले तेव्हा साडेसात वाजलेले,
कौसरचा भाऊ बाहेर हॉर्न वाजवत होता.
‘पुढच्या रविवारी,’ मी म्हणालो.
त्याच आठवड्यात वैजनाथला चाकणहून बोलावणं आलं.
मग कौसरचं लग्न, नांदेडला.
मग सुषेण नुसताच यायचा, चहा पिऊन जायचा.

आता मशीन मोठं घेतलंय. बॅनर अजून रद्द होतात.
वैजनाथ रात्रपाळीतून फोन करतो:
‘काय करायलास?’
पाच मिनिटं पगार, गाडीचा हप्ता, पोरीची शाळा.
मग आवाज खाली आणून:
‘त्या दारामागं काय होतं रे?’
‘सांगत नसतो,’ मी म्हणतो. ‘या सगळे.’

वही आहे माझ्याकडं.
सातव्या मजल्याचं पान आखून ठेवलेलं:
चौकोन, दार, दाराला कडी.
पुढं काहीच नाही.
रविवारपर्यंत सुचेल, असं वाटलं होतं.