मादी: अज्ञात

लांबी सहा पूर्णांक दोन मिलिमीटर.
रंग, अल्कोहोलमध्ये, पिवळट तपकिरी.
जिवंतपणी कुठला होता ते मला नीटसं आठवत नाही,
टॉर्चच्या उजेडात सगळेच मातकट दिसतात.
अग्रपंखांवर दाट लव.
तोंडाचे अवयव नावापुरते:
पाण्याबाहेर आल्यावर तो बहुधा काही खात नाही.
हे शेवटचं वाक्य संपादकांनी काढलं.
समासात लिहिलं, पुरावा?

मराठीत याला नाव नाही.
पतंग म्हणावं तर पतंग नाही, माशी तर मुळीच नाही.
पानशेतच्या वर, ओढ्याकाठी,
आम्ही दोन जांभळींमध्ये पांढरी चादर ताणली, दिवा लावला,
तेव्हा हिराबाई मरगळे
डोक्यावरचा भारा न उतरवता थांबल्या.
"हितं शिनेमा हाय का?"
किडे बघतोय, मी म्हटलं.
"मग दिसाचं बघायचं की. पान्यात बसत्यात,
वाळूची झबली घालून."

झबली.
तेरा वर्षं मी 'कोश' लिहीत होते.

पुण्यात, प्रयोगशाळेत,
नराचे शेवटचे खंड कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवले.
आमच्या शास्त्रात ओळख पटते ती त्या टोकावरूनच.
घरी कुणी विचारलं तर मी सांगते, पंख बघते.
सतरा चित्रं काढली. अठराव्यात
डावी आकडी उजवीपेक्षा किंचित आखूड आली
आणि मला कळलं की चूक माझ्या हाताची नाही,
तो तसाच आहे.
जगात कुठेच नोंदलेला नाही असा, तसाच.

अळ्या मी घरी आणल्या होत्या.
श्रीखंडाचा रिकामा डबा, मंडईमागून आणलेला माशांचा पंप,
फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या आळीपाळीने.
पाच होत्या. चौघींचं झबलं नुसत्या वाळूचं.
पाचवीने वाळूच्या कणांत
हिरव्या बांगडीची एक कपची बसवली होती,
धार अंगाला लागणार नाही अशी.

कुणाची बांगडी?
धुणं आपटताना गेलेली,
की कुणी ओढ्यावर नेऊन, दगडावर...
फुटली म्हणू नये, आई सांगायची,
वाढवली म्हणावं.
मी लहानपणी हसायचे: तुटलेली वस्तू वाढेल कशी?
आता भिंगाखाली बघत होते.
रेशमाचे चार टाके, शेजारी वाळूचा कण,
पुन्हा टाके.

एप्रिलमध्ये कर्वेनगरात सहा तास लाइट गेली.
पंप थांबला. चौघी गेल्या.
पाचवीने आधीच दार लावून घेतलं होतं.
पुढच्या आठवड्यात मी सोलापूरला, परीक्षेच्या कामाला.
परत आले तर डब्यात
रिकामं झबलं, आणि पाण्यावर एक पातळ कात.
नणंद म्हणाली, "रात्री ट्यूबलाइटपाशी काहीतरी फडफडत होतं.
त्या डब्याचा वासही मारत होता.
मी खिडकी उघडली. गेलं बिचारं."
केवढं होतं, मंदावन्सं?
त्यांनी टेबलावरच्या नराच्या चित्राकडे पाहिलं,
खालची मोजपट्टीही वाचली, मग म्हणाल्या,
"याच्याहून जरा थोराड."

खिडकीखाली रस्ता आहे, पलीकडे गॅरेज,
त्याच्या पाटीवर रात्रभर निळा दिवा.
मी तीन रात्री तिथे चादर घेऊन उभी राहिले.
वॉचमनला डास सापडले, मला पण.

निबंध छापून आला.
नाव हिराबाईंचं.
लॅटिनमध्ये बाईच्या नावाला शेवटी 'ए' लागतो,
लांबून हाक मारावी तसा.
त्यांना फोनवर सांगितलं. म्हणाल्या,
"किड्याला माजं नाव? बरं. चावत न्हाई न्हवं?"

नर: वरीलप्रमाणे.
मादी: अज्ञात.
अळी: अज्ञात,
कारण डब्यातली तीच हे सिद्ध करता येत नाही.

झबलं एका छोट्या कुपीत आहे.
आत टाकायची चिठ्ठी आम्ही पेन्सिलीने लिहितो,
अल्कोहोलमध्ये शाई सुटते, पेन्सिल राहते.
मी लिहिलं: वाळू. हिरवी काच, एक.
आणि खाली, बारीक अक्षरात,
वाढवलेली.